डावीकडे ओढणारी गाडी

जुनी गाडी बघायला गेलेला माणूस आधी इंजिनाचं झाकण उघडतो. मी आधी सीटवर हात फिरवते. यावरून माझा धाकटा भाऊ मला वेड्यात काढतो, काढू दे. गाद्या, सोफे आणि गाड्यांच्या सीटा शिवण्यात माझं निम्मं आयुष्य गेलंय. इंजिन धुता येतं, पत्र्याला रंग मारता येतो, मीटरचे आकडे मागे फिरवून देणारे कलाकारही असतात. पण माणूस रोज कसा बसतो ते सीटला पाठ असतं. तापट माणूस तावातावाने उतरतो, म्हणून त्याच्या सीटची दाराकडची कड आधी फाटते. आळशी माणसाच्या सीटचा फोम पुढे सरकलेला असतो. आणि जो सीटला नीट वागवत नाही तो क्लचला काय वागवणार? हे सगळं मी धाकट्याला किती वेळा ऐकवलं असेल. त्याचं उत्तर ठरलेलं. "ताई, सीट रस्त्यात बंद पडत नाही."

बंद पडण्याचा विषय आमच्याकडे जरा नाजूक होता. मागच्या वर्षी धाकट्याने दुकानासाठी एक जुनी व्हॅन घेतली होती. विकणारा गोडबोल्या. त्याने चहा पाजला, हॉर्न वाजवून दाखवला, आणि आमचं ध्यान तिथेच विरघळलं. दोन महिन्यांत गिअरबॉक्स गेला. पुढे कळलं, की विकणाऱ्याला ते चांगलं माहीत होतं. त्याने सरळसरळ आम्हाला टोपी घातली होती. तेव्हापासून सोफे आणायला-पोचवायला आम्ही भाड्याचा टेम्पो लावत होतो. टेम्पोवाला सकाळची वेळ द्यायचा आणि संध्याकाळी उगवायचा. एकदा तर आमचा नवाकोरा सोफा सिमेंटच्या गोण्यांच्या मांडीला मांडी लावून गेला. ज्यांचा तो सोफा होता त्या बाई पुन्हा आमच्या दुकानाची पायरी चढल्या नाहीत.

अशात धाकट्याला एका लांबच्या शहरातल्या मालवाहतूक कंपनीकडून चालकाच्या नोकरीचं बोलावणं आलं. शनिवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. "चांगली गाडी मिळाली तर राहतो," तो म्हणाला, "नाहीतर जातो. तुझ्या जिवावर बसून खाणं मला जमायचं नाही." मी म्हटलं, जा बाबा, सुटले एकदाची. असं मी नुसतं म्हटलं. वडिलांच्या माघारी ते दुकान आम्ही दोघांनीच ओढलं. तो लाकडी सांगाडे ठोकतो, मी वरचं शिवते, आणि दिवसभर आमची वाजत असते. ज्या दुकानात भांडायला कोणी नाही तिथे एकटीने बसायच्या कल्पनेनेच मला रडू येत होतं. तो गेला असता तर मी दुकानाला कुलूप लावलं असतं.

शुक्रवारी सकाळी आम्ही बेकरीवाल्या काकांचा पिकअप बघायला निघालो. शुक्रवारी त्यांची बेकरी बंद असते. धाकट्याने फोनवर बजावून ठेवलं होतं, की आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. इंजिन आधी गरम करून ठेवलं की त्याची निम्मी दुखणी लपतात.

"मीटर चार लाखांच्या पुढे गेलंय," बसमध्ये धाकटा म्हणाला. "त्यात आता उरलं काय असणार?"

"बघायला काय जातंय?"

"बघायला काही जात नाही गं. घेतल्यावर जातं."

पूर्वी हा असा नव्हता. त्या व्हॅनवाल्याने आमच्या पैशांपेक्षा याचा स्वभाव जास्त खराब केला, आणि त्याचा मला अजून राग येतो.

बेकरीच्या मागे फरसबंद अंगण होतं. पावाचे रिकामे ट्रे धुऊन भिंतीला उभे केले होते. मधोमध पिकअप उभा होता, पांढरा, वयस्कर, पण नीटनेटका. काका उंच, शर्टाचं गळ्याचं बटणसुद्धा लावलेले. बोलताना माणसाकडे सरळ तोंड करून बोलायचे. काकू ठेंगण्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, हातात फडकं. आम्ही आलो तेव्हा त्या एक ट्रे पुसत होत्या आणि नंतर बराच वेळ तोच ट्रे पुसत राहिल्या.

"कोणाला फसवून गाडी गळ्यात मारायची नाही मला," काका पहिल्यांदा हेच म्हणाले. "म्हणून आधी दोष सांगतो. ऐकून घ्या, मग हात लावा. पुढची काच मंद झाली आहे. दोनदा बदलली, पण हल्ली काचाच धड येत नाहीत. दिवे कमजोर आहेत. बल्ब बदलले, वायरिंग बदललं, तरी पहाटे समोर नुसता धुरकट उजेड पडतो. आणि गाडी डावीकडे ओढते. चाकांची अलाइनमेंट किती वेळा करून घेतली. मेकॅनिक म्हणतो काही नाही, पण तो थोडाच रोज चालवतो? ही डावी बाजू बघा, काय दशा झाली आहे. हे सगळं धरून किंमत मी कमीच लावली आहे. नवी गाडी सांगून ठेवली आहे, चांगली मोठ्या काचेची. सोमवारी येईल."

डाव्या बाजूची खरंच दशा होती. पुढच्या चाकापासून हौद्याच्या टोकापर्यंत ओरखडेच ओरखडे. काही ताजे, काही घरच्या ब्रशने रंगवून झाकलेले. डावा आरसा नवा कोरा. उजवी बाजू मात्र अगदी साफ होती.

धाकट्याने मला ट्रेच्या मागे ओढलं. "ताई, यात काहीतरी गोम आहे. आपल्याच मालाला एवढी नावं ठेवणारा विकणारा कधी पाहिलायस? लहान दोष दाखवून मोठा लपवतोय."

"प्रामाणिक असतील."

"व्हॅनवालाही प्रामाणिकच होता. हॉर्नपुरता."

मग त्याने काम सुरू केलं, आणि मला कबूल करायला हवं, की ठेच लागल्यापासून तो बघायला शिकला आहे. रेडिएटरच्या झाकणाखाली तेलाचा तवंग आहे का ते बघितलं. ऑईलची काडी काढून बोटांत चोळली. थंड इंजिनाला चावी दिली, ते पहिल्या फटक्यात लागलं, आणि हा मागे धावत जाऊन सायलेन्सरपाशी उकिडवा बसला. निळा धूर नाही, पांढरा नाही. चालू इंजिनावर ऑईलचं झाकण उघडून तळहात धरला, आतून हवा फेकतं का बघायला. थकलेलं इंजिन तिथून धापा टाकतं. हे टाकत नव्हतं. हँडब्रेक ओढून तिसरा गिअर टाकला आणि क्लच सोडला, तर इंजिन जागच्या जागी बंद पडलं. क्लच घसरत असता तर ते गुरगुरत राहिलं असतं. शेवटी तो गाडीखाली शिरला. बाहेर फक्त त्याचे बूट दिसत होते, आणि त्या बुटांवरूनसुद्धा मला कळलं, की स्वारी खूश आहे.

"स्प्रिंगचे पाटे जागेवर आहेत," तो खालूनच म्हणाला. "चार लाखांत पाटे बसलेले नाहीत. कसं काय?"

"पावाला वजन किती असतं?" काका म्हणाले. "आयुष्यभर हलकंच वाहिलंय तिने."

मी तोवर केबिनमध्ये शिरले होते. चालकाच्या सीटला नवं कव्हर होतं. शिवण बरी, कोपरे कच्चे, मी असं शिवलं असतं तर वडिलांनी उसवायला लावलं असतं. पण नव्या कव्हराने मला काही सांगितलं नाही. शेजारची दोन माणसांची बैठक मात्र जुनीच होती, गाडीबरोबर आलेली. गिऱ्हाईक चालकाची सीट बघतं, म्हणून त्यांनी तेवढीच शिवून घेतली असणार. सगळे असंच करतात.

मालाच्या गाडीत शेजारची बैठक नवीसारखी असते, कारण तिथे कोणी बसतच नाही. ही झिजली होती. तीही कशी? पाठ टेकायची जागा जशीच्या तशी, कापडाचा रंगसुद्धा उडाला नव्हता. बैठकीची पुढची कड मात्र साफ दबलेली, दोरे निघालेले. कोणीतरी इथे वर्षानुवर्षं बसत होतं आणि पाठ कधी टेकतच नव्हतं. मी खाली पाहिलं. पायाखालच्या रबरी चटईला एका जागी भोक पडलं होतं. चालकाच्या बाजूला ब्रेक जिथे असतो, बरोबर तिथे. फक्त या बाजूला ब्रेक नव्हता.

मला आधी हसूच आलं. गाडी नवऱ्याने चालवायची आणि ब्रेक शेजारी बसून बायकोने मारायचा, हे प्रकार मी पुष्कळ पाहिलेत. मी खिडकीतून विचारलं, "काकू, तुम्ही रोज जाता का काकांबरोबर?"

"जाते आपली सोबतीला," काकू म्हणाल्या आणि ट्रे पुसायला लागल्या.

पहिली फेरी धाकट्याने मारली. शेजारी मी, दारापाशी काका. बाजारापलीकडे गोदामांचा सरळ रस्ता होता. तिथे गाडी रिकाम्या रस्त्यावर येताच धाकट्याने स्टिअरिंगवरचे हात सोडले. मी समोरचा डॅशबोर्ड धरला. गाडी नाकासमोर चालत राहिली, ना डावीकडे ना उजवीकडे.

"कुठे ओढते, काका?"

"तुमचा हात नवा आहे. रोज चालवाल तेव्हा कळेल."

मी काचेतून बघत होते. गोदामाच्या टोकाला न्हाव्याच्या दुकानाची पाटी होती. पाटीवरचा फोन नंबरसुद्धा मला वाचता येत होता, आणि माझे डोळे काही विशीतले नाहीत. भर उन्हात लावलेल्या दिव्यांचा उजेड समोरच्या शटरवर नीट दिसला. काच नवी होती. नवीच असणार, दोनदा बदललेली.

धाकट्याची एक पद्धत आहे, ती त्याने एका म्हाताऱ्या मेकॅनिककडून उचलली. स्वतः चालवून झालं, की एक फेरी मालकाला मारायला लावायची. मालकाच्या हाताला गाडीची दुखणी ठाऊक असतात. जो गिअर सुटतो तिथे त्याचा हात आपोआप दाबून बसतो, जिथे ब्रेक उशिरा लागतो तिथे त्याचा पाय लवकर जातो. तोंडाने काही सांगू दे, हातपाय लपवत नाहीत.

काका चालकाच्या जागी बसले. कोणी बोलावलं नव्हतं तरी काकूंनी फडकं खाली ठेवलं, चष्मा डोळ्यांवर चढवला आणि दारापाशी येऊन बसल्या. पाठ न टेकता. मी मध्ये. धाकटा मागे हौद्यात, फळीला कान लावून, मागच्या चाकांचा आवाज ऐकायला. केबिनच्या मागच्या खिडकीला काच नव्हती, नुसती जाळी होती, त्यामुळे त्याला आमचं आणि आम्हाला त्याचं ऐकू येत होतं.

बेकरीच्या दारातून बाहेर पडल्यापासून काकू बोलू लागल्या. मोठ्याने नाही, पुटपुटल्यासारख्या. "सायकल आहे हं डावीकडे. गेली. खड्डा येतोय. कडेला बाई उभी आहे, पिशवी घेऊन. आता मोकळं." काका मान हलवत नव्हते, उत्तर देत नव्हते. त्या सांगतील तसं स्टिअरिंग बोटभर इकडे, बोटभर तिकडे. काकूंचा उजवा पाय चटईच्या भोकात होता, आणि प्रत्येक सायकलीला तो दाबला जात होता.

भाजीच्या गाड्यांपाशी डाव्या गल्लीतून एक माणूस हातगाडी ढकलत बाहेर आला. चांगली मोठी हातगाडी, वर पत्र्याचे डबे. मला ती केव्हाची दिसत होती. काकांचा पाय ॲक्सिलरेटरवरून हलला नाही.

"थांबा," काकू म्हणाल्या.

गाडी जागच्या जागी थांबली. हातगाडीवाल्याने आमच्याकडे एक रागीट नजर टाकली आणि तो निघून गेला. मागून जाळीतून धाकट्याचा आनंदी आवाज आला, "ब्रेक एक नंबर आहेत!"

त्या रस्त्यावर काच मंद नव्हती, दिवे कमजोर नव्हते, गाडी डावीकडे ओढत नव्हती. काकांना समोरचं धूसर दिसत होतं आणि डावीकडचं दिसतच नव्हतं. आणि त्यांना ते माहीतच नव्हतं.

अंगणात परत आल्यावर काकूंनी चहा आणला. आमचे कप त्यांनी आमच्या हातात दिले. काकांचा कप मात्र त्या टेबलाला वळसा घालून गेल्या आणि त्यांच्या उजव्या हाताशी ठेवला. हेही सवयीने.

"बघितलंत ना," काका म्हणाले. "मी खोटं सांगितलं नाही. अशा काचेतून सगळी वर्षं ही बाजूला होती म्हणून निभावलं. हिलासुद्धा धूसरच दिसतं, विचारा. काय गं?"

"हो ना," काकू म्हणाल्या आणि साखरेचा डबा आणायला आत गेल्या. चहा सगळ्यांचा गोड झालेला होता.

धाकट्याने मला गाडीच्या मागे नेलं. चेहरा असा फुललेला, की त्याला ते लपवताही येत नव्हतं. "ताई, हिऱ्यासारखी गाडी आहे. काकांना कुणीतरी भलतंच डोक्यात भरवलंय. दोष एक नाही, आणि दोषांसाठी किंमत कमी. आत्ता हो म्हणून टाकू. मी कुठे जात नाही, बघ. सोमवारपासून आपला माल आपल्या गाडीत."

किती दिवसांनी तो असा बोलत होता. मला वाटलं, गप्प बसावं. आज गाडी घ्यावी, उद्या-परवा काकूंच्या कानावर हळूच घालावं. असा विचार माझ्या मनात आला आणि तो मला आवडलाही. मग मी त्याला सीटचं सांगितलं, चटईचं, हातगाडीचं, चहाच्या कपाचं.

तो ऐकत गेला तसा त्याचा चेहरा उतरत गेला. "सोमवारी त्यांची नवी गाडी येणार," तो म्हणाला.

"हो."

"आणि आपण सांगितलं, की या गाडीत दोष नाही, तर ते ही कशाला विकतील?"

"नाहीच विकणार."

"आपल्याला काय करायचंय, ताई? आपण गाडी बघायला आलोय. काकूंना माहीत आहे ना सगळं? त्या बघतील."

"बघतीलच. शेजारी बसून, ब्रेक मारत."

तो थोडा वेळ टायरला बूट टेकवून उभा राहिला. मी त्याला घाई केली नाही. त्याच्या जागी मीसुद्धा तसंच म्हटलं असतं, किंबहुना थोड्या वेळापूर्वी मनात म्हटलंच होतं.

"व्हॅनवाल्याला गिअरबॉक्सचं माहीत होतं," शेवटी तो म्हणाला. "माहीत होतं आणि मूग गिळून बसला." मग त्याने नाक ओढलं, लहानपणी ओढायचा तसं, आणि म्हणाला, "तू सांग. मला जमणार नाही."

असं अवघड काम आलं, की ते नेहमी माझ्याच वाट्याला. मी गळ्यातली पिवळी मापाची टेप काढली आणि काकांना म्हटलं, "जरा इथे अंगणात उभे राहता का? गाडीचं एक बघायचं आहे." ते आले. काकूंना मी त्यांच्यासमोर दहा-बारा पावलांवर, बेकरीच्या दारात उभं केलं. माझ्याकडे बघून काकूंनी एकदाच मान हलवली, नको म्हणून. मी तरी पुढे गेले.

"काका, काकूंकडे बघा. नजर हलवायची नाही. काकू दिसतात?"

"दिसते की. चष्मा पुसायला झालाय तिचा."

मी त्यांच्या डावीकडे, हात लांब केला तर खांद्याला लागेल इतक्या अंतरावर उभी राहिले. टेप त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर धरली आणि हलवली. "माझ्या हातात काय आहे?"

"तुम्ही आहात कुठे?"

"इथेच आहे. तुमच्या शेजारी."

ते वळायला लागले. मी म्हटलं, वळू नका. ते तसेच उभे राहिले. मी टेप हळूहळू पुढे आणत गेले, आणि ती जवळजवळ त्यांच्या नाकासमोर आली तेव्हा ते म्हणाले, "हां, टेप. पिवळी." मग उजवीकडे जाऊन तेच केलं. तिथे त्यांना लगेच दिसली.

"काका," मी म्हटलं, "गाडी डावीकडे ओढत नाही. दिवे चांगले आहेत. काच स्वच्छ आहे."

त्यांनी स्वतःचा डावा हात पसरला, बोटं हलवली, आणि मान न वळवता ती शोधत राहिले. मग हात खाली घेतला.

"इथे तर काचच नाही मध्ये," ते हळू म्हणाले.

ते दारातल्या काकूंकडे बघत होते. "तुला काय दिसायचं गं? काचेतून?"

काकूंनी चष्मा काढला. "स्वच्छ दिसायचं."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"मी विचारलं होतं तुला. पहिली काच बदलली तेव्हा. मी म्हटलं, तुला नीट दिसतंय का, तर तू म्हणालीस, मलाही धूसरच दिसतंय."

"तुम्ही विचारलंत तेव्हा फार घाबरलेले होतात हो," काकू म्हणाल्या. "तुम्हाला एकट्यालाच दिसत नाही असं वाटू नये म्हणून म्हटलं. मग एकदा म्हटल्यावर रोजच म्हणावं लागलं."

काका गाडीपाशी गेले. डाव्या बाजूला वळून, वाकून, त्यांनी ते ओरखडे पुढच्या चाकापासून शेवटपर्यंत बघितले, वर हात फिरवत. एकदा थांबून विचारलं, "हा फाटकाचा?" काकू म्हणाल्या, "फाटकाचा." त्यांना रागवायचं असावं, पण कोणावर रागवायचं ते ठरत नव्हतं. आम्ही दोघं चोरासारखे उभे होतो. गाडी हातची गेली हे मला दिसत होतं, आणि धाकटा बुटाने फरशी उकरत होता.

"दोष नाही म्हणता," काका शेवटी त्याला म्हणाले.

"नाही. एकही नाही."

"मग कमी किमतीत कशी देऊ? पुरी किंमत घेईन."

धाकट्याने माझ्याकडे पाहिलं. मी मनातल्या मनात जमवाजमव केली, ती जेमतेम जमत होती. खरं बोलल्याचा दंड म्हणायचा आणि भरायचा. "द्या," मी म्हटलं.

"नव्या गाडीला नको म्हणून सांगतो," काका म्हणाले. "सोमवारी आली असती आणि मंगळवारी तिलाही ओरखडे काढले असते मी." मग त्यांचा आवाज जरा खाली गेला. "उद्याचे पाव कोण पोचवणार?"

"मी पोचवतो," धाकटा म्हणाला. "दुकानं तेवढी दाखवा. पुढचं पुढे बघू." हे त्याने मला विचारून म्हटलं नाही, पण लगेच बाजूला जाऊन त्या मालवाहतूक कंपनीला फोन लावला आणि येत नसल्याचं सांगितलं. मी तोंड फिरवून टेप गुंडाळत बसले, कारण मला रडताना बघितलं की तो वर्षभर चिडवतो.

काकू म्हणाल्या, "डोळ्यांचे डॉक्टर एक वाजेपर्यंत असतात. शुक्रवारीही असतात." कोणी विचारलं नव्हतं. काकांनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं आणि विचारलं, "आत्ता निघायचं?"

धाकटा चालकाच्या जागी बसला, मध्ये काका, दारापाशी काकू. मी मागे हौद्यात, जाळीला टेकून. रस्ता तोच, सकाळचा. पाठमोऱ्या काकांची मान ताठ होती. गाडी वळली तशी काकूंच्या तोंडून सवयीने निघालं, "सायकल आहे हं," आणि धाकटा म्हणाला, "बघितली, काकू."

मग काका म्हणाले, "डावीकडे काय आहे?"

"काही नाही. मोकळं आहे."

"ते नाही विचारलं. गाडी तो बघतोय. तिकडे आहे काय?"

काकू सांगायला लागल्या, आधी अडखळत, मग सावकाश. वरच्या गॅलरीत कोणीतरी निळ्या चादरी वाळत घातल्या आहेत. खाली दोन मुली एकाच फोनमध्ये बघून हसतायत. पुढे त्या चपलांच्या दुकानाचा मालक, बाहेर खुर्ची टाकून झोपलाय, तोंड उघडं.

"कोण? तो जाडा?" काका म्हणाले. "तो आहे अजून?"

"रोज असतो की. रोज त्याच्यासमोरून जातो आपण."

"मला वाटलं, त्याने दुकान बंद केलं."